चौथी ओळ वगळून

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावन्न, अविवाहित (हे मी विसरलेले नाही, खात्री करून घेतली आहे), शब्दकोशाच्या कचेरीत एकतीस वर्षं संपादनाचं काम केलेली, राहणार याच घरात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला, हे मृत्युपत्र आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी लिहायला घेत आहे. मृत्युपत्रात वेळ लिहायची पद्धत नाही. मी लिहिते, कारण माझी सकाळ चांगली असते, दुपार बेताची, आणि संध्याकाळची हमी मी देत नाही. या कागदावर जे आहे ते सगळं सकाळचं आहे.

वकिलांनी करून दिलेल्या मसुद्यात "शरीराने व मनाने सुदृढ असून" असे शब्द होते. ते मी खोडले. गुडघा दुखतो. माझी बुद्धी स्थिर आहे, स्मरणशक्ती स्थिर नाही. या दोन वाक्यांत विरोध नाही, एवढं एकच शिकवण्यात माझं गेलं वर्ष गेलं, आणि सगळ्यांत मठ्ठ विद्यार्थी माझ्याच घरचा निघाला.

कलम १. माझ्या समजुतीबद्दल.

मृत्युपत्र करणाऱ्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत असं कायदा म्हणतो: आपलं काय आहे, आपले कोण आहेत, आणि या कागदाने काय होणार आहे. डॉक्टरीणबाई समोर बसल्या आहेत, त्यांच्या देखत उत्तरं लिहिते.

माझं काय आहे: हे तीन खोल्यांचं घर, बँकेतली ठेव, पुस्तकं, आणि कार्डांचं लाकडी कपाट. माझे कोण आहेत: एक धाकटा भाऊ, एक भावजय, त्यांची एक मुलगी म्हणजे माझी भाची. या कागदाने काय होणार: भावाला घर मिळणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पद्धतीने तीन शब्दही लक्षात ठेवायला दिले होते. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा एक आठवला. भरपाई म्हणून मी एका संस्कृत धातूची दहाही लकारांतली रूपं म्हणून दाखवली. शाळेतल्या संस्कृतच्या मास्तरांनी ती अशी पक्की ठोकली आहेत की डोक्याची इमारत पडली तरी तो खिळा भिंतीत राहील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. पण हे मी विचारलं नव्हतं." त्यांनी लिहून दिलेलं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. त्यात एक शब्द आठवला हेही आहे आणि तीन उत्तरं बरोबर होती हेही आहे. दोन्ही खरं आहे.

कलम २. माझ्या जबाबदाऱ्यांबद्दल.

हक्कांचा विषय पुढे येईलच. आधी जबाबदाऱ्या लिहिते, कारण ज्याला विसरायला होतं त्याने त्या आधी पार पाडाव्यात, मग हक्कांवर बसावं.

तीन वर्षांपूर्वी मी 'विसावा' हा शब्द एकाच आठवड्यात दोनदा छपाईला पाठवला, दोन निराळ्या व्याख्यांसह. दोन्ही व्याख्या चांगल्या होत्या. पहिलीची मला आठवण नव्हती. कोणाच्या लक्षात येण्याआधी मी स्वतः प्रमुख संपादकांकडे गेले आणि शेवटची सही करण्याचं काम सोडलं. त्याच महिन्यात गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली भाचीला दिली. गेल्या वर्षी ऑगस्टात स्वयंपाकघरातला गॅस काढून टाकला आणि आपोआप बंद होणारी विजेची शेगडी आणली. तळमजल्यावरचे कुलूपवाले शेजारी जोडणी तोडायला मदतीला आले होते. त्यांनी नळी काढून भिंतीतल्या तोंडाला बूच मारलं आणि मला दाखवून म्हणाले, "बघा बाई, आता वाटलं तरी चालू करता यायचा नाही."

हे बूच पुढे लागणार आहे.

यांपैकी एकही गोष्ट मला कोणी करायला लावलेली नाही. विसरणाऱ्या माणसाकडून जगाला धोका होऊ नये ही जबाबदारी त्याची स्वतःची आहे, आणि जोवर तो ती पार पाडतो तोवर त्याच्या हातातून बाकीच्या गोष्टी काढून घेण्याचं कारण उरत नाही. हे मत माझं. न्यायालयाचंही तेच निघालं, हा त्याचा चांगुलपणा.

कलम ३. कार्डांबद्दल.

हा भाग वाचणाऱ्याने नीट समजून घ्यावा, सगळं यावर उभं आहे.

कोशाच्या कचेरीत प्रत्येक शब्दाचं एक कार्ड असतं. मधे मजकूर. उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात तीन गोष्टी: ही माहिती कुठून मिळाली तो स्रोत, तारीख, आणि लिहिणाऱ्याची आद्याक्षरं. कोपरा भरल्याशिवाय कार्ड खणात जात नाही. माझे तिथले जोडीदार, ज्यांना आम्ही सगळे अल्पविराम म्हणतो कारण ते दर चार शब्दांनंतर थांबतात, नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे: "मधलं चुकलं, तर दुरुस्त होतं. कोपरा चुकला, तर कोणाचं चुकलं, तेच कळत नाही."

आजार कळल्यावर मी घरासाठी तशीच कार्डं केली. औषध कधी, घराची किल्ली कुठे, भाची कोण आणि तिचा वाढदिवस कधी. कोपऱ्यात स्रोत: "डॉ." म्हणजे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "स्व." म्हणजे मी स्वतः पाहिलं किंवा मला आठवतं. हे मी ठरवून केलं असं नाही. एकतीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप कोपऱ्यात जातो. मी विसरते, हात विसरत नाही.

अगदी पहिल्या कार्डांपैकी एक भावाचं होतं. त्यावर चार ओळी होत्या:

हा माझा धाकटा भाऊ.
चष्म्याचं दुकान.
चहात साखर दोन चमचे.
याच्यावर विश्वास ठेवावा.

कोपऱ्यात: स्व.

कलम ४. भावाने जे केलं त्याबद्दल.

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी सोळा. त्याला अक्षरं मी गिरवायला लावली, म्हणून आमचं वळण अजून सारखं आहे. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून रोज मार खायचा. त्याला चष्मा लागलाय हे घरात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. दुकानातून बाहेर पडल्यावर तो रस्त्यात उभा राहून म्हणाला, "ताई, झाडाला सुटी सुटी पानं असतात?" तिथून तो चष्मेवाला झाला. हे मी त्याच्या बाजूने लिहिते आहे. पुढचं विरुद्ध आहे.

गेल्या सप्टेंबरपासून तो रोज सकाळी फोन करू लागला. मला बरं वाटायचं. फोनवर तो सांगायचा, "ताई, काल तू मला तीनदा तीच गोष्ट विचारलीस. लिहून ठेव हं, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडेल." मी लिहायची. "ताई, परवा तू दार उघडं टाकून खाली गेलीस. लिहिलंस? वाचून दाखव बघू." मी वाचून दाखवायची. कुठलंच मला आठवत नव्हतं. पण न आठवणं हाच तर माझा आजार. जे आठवत नाही ते झालंच नसेल असं मी म्हणू शकत नव्हते, आणि चौथी ओळ रोज डोळ्यांसमोर होती.

यातलं काय घडलं होतं आणि काय नाही हे मला आजही माहीत नाही. एकाबद्दल मात्र माहीत आहे.

जानेवारीत तो चहाला आला, मी आत कप ठेवायला गेले, आणि परत आले तेव्हा कार्डांचा एक खण रिकामा होता. "झेरॉक्स काढून आणतो, ताई," म्हणाला. तीन आठवड्यांनी न्यायालयाची नोटीस आली. अर्जदार माझा भाऊ. मागणी अशी की माझी बुद्धी चालत नाही असं जाहीर करावं, भावाला माझा पालक नेमावं, मला देखभालीच्या संस्थेत ठेवण्याची आणि घर विकण्याची मुभा त्याला द्यावी. पुरावा म्हणून माझ्याच अक्षरातली त्रेचाळीस कार्डं.

भावाचं कार्डही त्यात होतं, निशाणी क्रमांक चौदा. त्याच्या वकिलाने ते हातात धरून न्यायाधीशबाईंना दाखवलं: "सख्खा भाऊ ओळखण्यासाठी या बाईंना कार्ड लागतं." विश्वास ठेवावा असं मी लिहिलं होतं, तोच माझ्या वेडाचा दाखला झाला.

नोटीस आली त्या दिवशी भाची रडत जिना चढून आली. "आत्या, मी दुकानात बसले होते तेव्हा. बाबा फोनवर म्हणत होते, 'लिही ताई, आणि वाचून दाखव.' मला वाटलं, तुला मदत करतायत. मी सांगते कोर्टात."

"तू काही सांगायचं नाहीस," मी म्हटलं. "बापाविरुद्ध उभी राहिलीस की ते तुला जन्मभर आठवेल. तुला विसरायची सोय नाही, मला आहे."

"मग काय करणार तू?"

"कोपरे वाचायला सांगणार."

न्यायालयात मी निळी साडी नेसून गेले, म्हणजे कार्डावर लिहिलं होतं तसं. न्यायाधीशबाई माझ्याच वयाच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी विचारलं, "हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"हे लिहिल्याचं आठवतं?"

"नाही."

भावाच्या वकिलाने फाइल मिटली. त्याच्या दृष्टीने काम झालं होतं. मी म्हटलं, "बाई, एक विनंती आहे. आतापर्यंत ही कार्डं मधून वाचली गेलीत. ती कोपऱ्यातून वाचली जावीत."

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि वाचू लागल्या. "फोन-धा. फोन-धा. फोन-धा. हे काय आहे?"

"स्रोत. फोनवरून, धाकट्याने सांगितलं."

त्रेचाळीसपैकी सव्वीस कार्डं माझ्या चुकांची होती. चार "स्व." होती: बसमध्ये राहिलेली पिशवी, दोनदा घेतलेलं औषध, अशी. ती मी मान्य केली, करते. उरलेली बावीस "फोन-धा." तो अशी कार्डं वर्षानुवर्षं माझ्या टेबलावर बघत आला आहे. पण चष्मेवाल्याने मधलंच वाचलं, कोपरा वाचला नाही. कोपऱ्यात एवढं बारीक असतं ते कशासाठी, असं त्याने मला एकदा विचारलंही होतं. मी सांगितलं होतं. तो विसरला.

मग न्यायाधीशबाईंनी एक कार्ड बाहेर काढलं. "सतरा ऑक्टोबर. काल गॅस चालू राहिला. वास आल्यावर शेजाऱ्यांनी येऊन बंद केला. फोन-धा."

मागच्या बाकावरून आमचे कुलूपवाले उभे राहिले. "कुठला शेजारी? शेजारी मी! आणि गॅस कुठाय त्या घरात? ऑगस्टात मी स्वतः बूच मारलंय!"

"तुम्ही बसा. विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

"बसतो बाई. पण बूच आहे. चला दाखवतो."

त्यांना रीतसर साक्षीला बोलावलं, शपथ दिली, आणि त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी मलाही माहीत नव्हती. भावाने त्यांच्याकडे माझ्या दाराला बाहेरून कडी बसवून मागितली होती. "मी म्हटलं, बाहेरून कडी गोठ्याला लावतात, माणसाला नाही. ते म्हणाले, तुम्हाला काय कळतं. मी म्हटलं, कुलपातलं कळतं."

ते गॅसचं कार्ड दोन गोष्टी सिद्ध करतं हे मला कळत होतं. एक, मी विसरते: गॅस काढल्याचं विसरले म्हणून तर हे निमूटपणे लिहून घेतलं. दोन, तो खोटं बोलतो. पहिली गोष्ट सगळ्यांना आधीच मान्य होती.

भावाने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसायला लागला. लहानपणापासून तसंच आहे. पकडला गेला की काहीतरी पुसत बसतो. पाटी, टेबल, आता चष्मा.

अर्ज नामंजूर झाला. आदेशाची प्रत जोडली आहे. त्यातली दोन वाक्यं मी पाठ करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून पाहून लिहिते: "विसरणे म्हणजे ठरवता न येणे नव्हे. अर्जदार ज्या नोंदींना अक्षमतेचा पुरावा म्हणतात, त्या नोंदी ठेवण्याची रीत हीच सक्षमतेचा पुरावा आहे." मोठे व्यवहार करताना मी माझ्या पसंतीचा एक माणूस शेजारी बसवावा, त्याने समजावून सांगावं, सही मात्र माझीच असावी, असंही म्हटलं आहे. वर्षभराने पुन्हा तपासणी. तेव्हा मी कशी असेन हे मला ठाऊक आहे. म्हणून हे आज.

बाहेरच्या ओसरीत भाऊ मला गाठायला आला. "ताई, खरं सांगतो, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"फोन-धा," मी म्हटलं.

मग तो माझा हात धरून, अगदी हळू आवाजात, आजारी माणसाची समजूत घालावी तसं म्हणाला: "जाऊ दे. तू मनाला लावून घेऊ नकोस. उद्यापर्यंत तुला हे आठवणारही नाही."

त्याने ते दिलासा म्हणून म्हटलं. अर्जापेक्षा, कडीपेक्षा मला हे लागलं. माझा आजार त्याच्यासाठी तयार ठेवलेली क्षमा होती. मागावी लागणार नव्हती, मी द्यावी लागणार नव्हती, नुसती चार दिवस वाट पाहिली की आपोआप मिळणार होती.

कलम ५. घराबद्दल.

हे घर माझ्यानंतर भाचीला मिळावं. हे बक्षीस नाही. तिने साक्ष दिली नाही आणि ती देऊ नये असं मीच सांगितलं होतं. ते तिला अशासाठी, की गाडीची किल्ली दिली तेव्हा तिने "आत्या, नक्की ना?" असं दोनदा विचारलं. मला अजून असं विचारणारी माणसं थोडी आहेत. घर तिच्या एकटीच्या नावावर राहावं. तिने वडिलांना तिथे चहाला बोलावलं तर माझी हरकत नाही. राहायला बोलावलं तर आहे.

कलम ६. मी जिवंत असतानाच्या हक्कांबद्दल.

वकील म्हणाले, "मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, जगण्याच्या सूचना यात कशाला?" बरोबर आहे. त्या वेगळ्या कागदावर सही करून डॉक्टरीणबाईंकडे दिल्या आहेत. इथे फक्त नोंद ठेवते, म्हणजे त्या पाळल्या गेल्या की नाही हे माझ्यामागे कोणाला तरी तपासता येईल.

माझ्या दाराला बाहेरून कडी नसावी. माझी पत्रं माझ्यासमोर उघडावीत, मग मला कळोत न कळोत. मतदानाला मला न्यावं आणि पडद्याबाहेर थांबावं. माझ्याविषयी मी खोलीत असताना "त्यांना" असं बोलू नये. एखादी गोष्ट मी चुकीची ठरवली आणि त्याने दुसऱ्याचं काही बिघडत नसेल तर ती मला चुकीची ठरवू द्यावी. शहाण्या माणसांना हा हक्क आहे आणि ते तो भरपूर वापरतात. घरी राहणं सुरक्षित नाही असं डॉक्टरीणबाई आणि भाची दोघींना वाटलं तर मी संस्थेत जाईन. तेव्हा मी नाही म्हणाले तर मला एकदा डॉक्टरीणबाईंकडच्या त्या कागदाची आठवण करून द्यावी, आणि दुसऱ्यांदाही नाही म्हणाले तर पुन्हा दोन दिवसांनी विचारावं. सकाळी.

कलम ७. किरकोळ.

ठेव माझ्या देखभालीवर खर्च व्हावी. काही उरलं तर ते कोशाच्या कचेरीला, खणांच्या मुठी बदलण्यासाठी. तिसऱ्या रांगेतल्या मुठी हातात येतात हे मी वीस वर्षं लेखी कळवते आहे.

संस्कृतची पुस्तकं अल्पविरामांना. समासात पेन्सिलीने लिहिलेली टीका माझी आहे, त्यांच्याबद्दलची नाही. एका ठिकाणी आहे, ती त्यांना सापडेल. संस्कृतात कायद्याच्या ग्रंथांना स्मृती म्हणतात यावर आम्ही दोघं तरुणपणी खूप हसलो होतो, आता मी एकटी हसते.

भिंग, ज्याची काच भावाने माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला स्वतः घासून दिली होती, तेही अल्पविरामांना. फार चांगलं भिंग आहे. कोपऱ्यातलं सगळं दिसतं.

कुलूपवाले आणि डॉक्टरीणबाई यांना काहीही नाही, कारण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही द्यायचं नसतं. कुलूपवाल्यांचं म्हणणं, "मग साक्षीदार दुसरा बघा!" ही त्यांची थट्टा आहे. ते आलेले आहेत.

कलम ८. यापुढच्या कागदांबद्दल.

मी पुन्हा मृत्युपत्र केलं तर नवं लागू होईल, कायदा मला मलाच बांधू देत नाही, आणि ते बरं आहे. उद्याच्या 'मी'वर आजच्या 'मी'चा हक्क किती हा प्रश्न मोठमोठ्या पंडितांनाही सुटलेला नाही. एवढीच विनंती: माझ्या सहीचा कोणताही नवा कागद पुढे आला तर आधी त्याचा कोपरा वाचावा. स्रोत, तारीख, आद्याक्षरं. कोपरा कोरा असेल तर तो माझा नाही असं धरून चौकशी करावी. आणि "फोन-धा" असेल तर स्वयंपाकघरात जाऊन बूच तपासावं.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम अल्पविरामांनी करावं. त्यांना घाई करता येत नाही, हीच त्यांची पात्रता.

कलम ९. क्षमेबद्दल.

न्यायालयातून कार्डं परत आली तेव्हा अल्पविराम इथेच या टेबलाशी बसले होते. भावाचं कार्ड उचलून म्हणाले, "हे आता, बदला. लिहा, याच्यावर विश्वास, ठेवू नये. नाहीतर तुम्ही, पुन्हा, दार उघडाल."

त्यांचं बरोबर होतं. मी कोरं कार्ड घेतलं. पहिल्या तीन ओळी लिहिल्या. चौथीपाशी हात थांबला.

ती ओळ मी लिहिली तर काय होईल? मी रोज सकाळी उठेन, चहा ठेवेन, कार्डं वाचेन, आणि रोज सकाळी मला पहिल्यांदाच कळेल. बाकीच्यांना विश्वासघात एकदा होतो आणि मग जुना होत जातो. माझा कधी जुना होणार नाही. रोज ताजा, रोज त्याच टेबलाशी, आणि कारण विचारायला कोणी समोर नाही. माझ्यावर हा अन्याय त्याने एकदा केला, तो मी स्वतःवर रोज करणार नाही.

आणि न लिहिली तर? तर मी विसरेन. तो येईल, मी हसेन, विचारपूस करेन, दुकान कसं चाललंय म्हणेन. तो घरी जाऊन सांगेल, ताईने मला माफ केलं.

म्हणून ही आठवण मी घरात ठेवत नाही, इथे ठेवते. या कागदाची प्रत एकच आहे, ती अल्पविरामांकडे राहील, मला कधीही वाचायला देऊ नये. मी विसरले तरी तीन माणसांना माहीत असेल, आणि लेखी असेल. यापुढे माझ्या तोंडून त्याच्यासाठी जे गोड शब्द निघतील ती क्षमा नव्हे. तो आजार आहे. क्षमा करायला आधी आठवावं लागतं. आज मला आठवतं आहे, आणि आज मी केलेली नाही. कधी करणार होते की नाही हे मला कळण्याची वेळच त्याने ठेवली नाही.

भाचीने विचारलं होतं, "आत्या, तू बाबांबद्दल मला विचारलंस तर मी काय सांगू?" उत्तर: खोटं सांगू नकोस, आणि विचारल्याशिवाय सांगू नकोस. मी विचारणार नाही बहुधा.

घरासाठी एक नवं कार्डही केलं आहे: "मृत्युपत्र झालं. पुन्हा करण्याची घाई नाही. कोणी विषय काढला तर अल्पविरामांना फोन करावा. कारण शोधत बसू नये. स्व."

कलम १०. भावाला.

माझ्या धाकट्या भावाला मी निशाणी क्रमांक चौदा देते. मूळ कार्ड, चारही ओळींसह, मागे न्यायालयाचा शिक्का. ते त्याला हातात द्यावं, टपालाने नव्हे. वाचताना त्याने कोपऱ्यापासून सुरुवात करावी. तिथे लिहिलं आहे की हे कोणी सांगितलं.

त्याच्या जागी खणात मी नवं कार्ड ठेवलं आहे. तो येईल तेव्हा मी ते वाचेन आणि दार उघडेन. त्यावर असं आहे:

हा माझा धाकटा भाऊ.
चष्म्याचं दुकान.
चहात साखर दोन चमचे.

चौथ्या ओळीची जागा कोरी आहे. तिथे काही लिहिलेलं नाही, आणि कोणी लिहू नये. चहा त्याला मिळेल.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः लिहिलं, डॉक्टरीणबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि ऐकताना दोन ठिकाणी मी एकेक शब्द बदलला. कोणी सांगितलं म्हणून काहीही लिहिलेलं नाही.

सही: (लिहिणारीची)
ठिकाण: याच घरात, स्वयंपाकघरातलं टेबल, भिंतीतल्या बुचासमोर.
दिनांक: अकरा मार्च दोन हजार पंचवीस, मंगळवार. (कॅलेंडर झाकून विचारलं होतं. बरोबर सांगितलं.) वेळ बारा वाजायला दहा मिनिटं.

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. "त्यांनी माझ्यासमोर सही केली. आपण काय करत आहोत हे त्यांना पूर्ण कळत होतं."

साक्षीदार दुसरे: तळमजल्यावरचे कुलूपवाले. "माझ्यासमोर सही केली. मी त्यांच्यासमोर केली. दाराला कडी आतूनच आहे, आजच बघितली."

कोपरा: स्व. ११ मार्च. आद्याक्षरं केली आहेत.